मावशीचं कोपर आणि हलकी इस्त्री

माझ्या मावशीच्या घरात वस्तूंना टिपके आहेत. किटलीला हिरवा, साखरेच्या डब्याला हिरवा, मोठ्या पातेल्याला लाल, बादलीला लाल. हिरवा म्हणजे मावशीने उजव्या हाताने उचललं तर चालेल. लाल म्हणजे काकांना हाक मारायची. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला वाटतं, घरात लहान मूल असावं आणि त्याचा काही खेळ चालला असावा. एकदा दुपारी झोपलेल्या काकांच्या शर्टावर पोटाच्या मधोमध मावशीने मोठा लाल टिपका चिकटवला होता. काका तसेच दुकानात गेले आणि संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईकं का हसतायत ते त्यांना कळलं नाही.

काका वजनकाटे दुरुस्त करतात. किराणा दुकानांचे, भंगारवाल्यांचे, सोनारांचे, पार्सल ऑफिसातले. गल्लीत त्यांना सगळे काटेकाका म्हणतात. हातात वस्तू घेऊन ते तिचं वजन सांगतात आणि मग खात्रीसाठी काट्यावर ठेवतातच. मावशीच्या कोपराचं ऑपरेशन झालं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "या हाताने परत परत उचलायचं असेल तर एक किलोच्या आत. आणि एका वेळी पाच किलोच्या वर कधीच नाही. जन्मभर." दुसरा नवरा असता तर त्याने मान डोलावली असती. काका घरी आले, दुकानातला काटा आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि घर तोलायला सुरुवात केली. किटली भरून तोलली, अर्धी भरून तोलली, आणि पाणी कुठपर्यंत घ्यायचं तिथे आतून खिळ्याने रेघ मारली.

मावशीला तरुणपणीच संधिवाताने गाठलं होतं. सांध्याला आतून खाणारा तो प्रकार. आधी बोटं सुजली, मग डावं मनगट गेलं, मग उजवं कोपर असं अडकलं की हात धड सरळ होईना, धड वाकेना. माझ्या लहानपणची मावशी मला तशीच आठवते, हात पोटाशी धरून बसलेली, जणू काखेत काहीतरी लपवलंय. हात तोंडापर्यंत पोचायचा नाही. डाव्या हातात चमचा धरला तर मनगटात जीव नसल्यामुळे तोंडाशी येईपर्यंत उलटायचा. तेव्हा तिला काका भरवायचे. कितीतरी वर्षं, रोज दोन वेळा, स्वतः जेवायच्या आधी.

"चांगलं भरवायचे गं," मावशी सांगते. "पण माणूस पडला काटेवाला. प्रत्येक घास एकसारखा. मला कधी मोठा घास हवा असायचा, कधी नुसतं टोक चाखायचं असायचं. तोंड उघडून वाट बघायची. आणि मधेच कुणी दारावर आलं की घास हवेत थांबायचा."

काका ऐकत असले तर म्हणतात, "मोठा घास दिला असता तर ठसका लागला असता."

"लागू द्यायचा होता."

ऑपरेशनमध्ये तिचा जुना सांधा काढून धातूचा बसवला. दंडाच्या हाडात वरून एक दांडा, खालच्या हाडात दुसरा, आणि दोघांच्या मध्ये बिजागरी. बिजागरीत धातू धातूवर घासू नये म्हणून प्लास्टिकची बुशं, म्हणजे लहान कड्या. हे सगळं माझ्या डोक्यात इतकं बसलं की पुढे मी यंत्रांचं शिक्षण घेतलं त्याला तेही एक कारण असावं. मावशीला मात्र त्या बिजागरीचं कौतुक नव्हतं. तिला कौतुक वेगळंच होतं. टाके निघाल्यावर काही आठवड्यांनी तिने स्वतःच्या हाताने केस विंचरले, आणि ते पूर्ण झाल्यावर पुन्हा विस्कटून पुन्हा विंचरले.

हात आधीसारखा झाला असं नाही. पूर्ण सरळ कधीच झाला नाही. करंगळीच्या बाजूला बधिरपणा राहिला, सुई टोचली तरी कळायचं नाही. "बरंय, एक बोट तरी कुरकुर करत नाही," असं म्हणून ती त्या बोटावर टाचण्यांची डबी तोलायची. खुर्चीतून उठताना हातांवर जोर द्यायचा नाही असा दुसरा नियम होता, म्हणून ती हाताची घडी घालून, पुढे झुकून, एखाद्या रागावलेल्या बाईसारखी उठते. नवीन माणसाला वाटतं, आपण काही चुकीचं बोललो की काय.

आणि मग तिने काम सुरू केलं. घराच्या रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीशी. पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, रफू, कोटाचं अस्तर. शिलाई मशीनला मोटर होती, कात्री हलकी होती, सगळ्याला हिरवे टिपके. फक्त इस्त्रीचा प्रश्न होता. मावशीचा नियम असा की इस्त्री न केलेला कपडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. शिवण इस्त्रीखालीच बसते, नाहीतर काम कितीही सुबक असलं तरी उसवून परत शिवल्यासारखं दिसतं, असं तिचं म्हणणं. घरातली इस्त्री चांगली वजनदार होती. तिला लाल टिपका मिळाला.

काका इस्त्रीच्या शोधात निघाले. खिशात लहान स्प्रिंगचा काटा घेऊन. दुकानात इस्त्री आकड्याला टांगायची, वजन बघायचं, खाली ठेवायची. दुकानदारांना वाटायचं, सरकारी माणूस आलाय. शेवटी दुसऱ्या गावाहून त्यांनी एक प्रवासात नेतात तशी इस्त्री आणली, एक किलोच्याही बरीच आत. ती त्यांनी मावशीसमोर ठेवली तेव्हा, मावशी म्हणते, त्यांचा चेहरा बक्षीस मिळालेल्या पोरासारखा झाला होता. इस्त्री ठेवून ते बाजूला सरकले आणि हिरवा टिपका लावायचा मान तिला दिला.

त्या इस्त्रीवर चौदा-पंधरा वर्षं गेली.

दरवर्षी एकदा दोघं एक्स-रे काढायला जायचे. मोठे डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हणायचे, "दांडे घट्ट आहेत. बिजागरी छान आहे. जा, मजा करा." त्यांनी पहिल्याच वर्षी स्पष्ट सांगितलं होतं की हा सांधा जन्माचा सोबती नसतो. दहा-पंधरा वर्षं बिनतक्रार चालला तर आपण सगळ्यांनी खूश व्हायचं. पण दरवर्षी "छान" ऐकायची सवय झाली की माणूस तेवढंच लक्षात ठेवतो. पुढे ते डॉक्टर निवृत्त झाले.

गेल्या वर्षी मी सुट्टीत मावशीकडे गेले होते. ती खिडकीशी बसून कोटाची बाही उलटी करत होती आणि मला टक् असा आवाज आला. मग पुन्हा. दाराची बिजागरी सैल झाल्यावर दार ढकलताना येतो तसा.

"मावशी, हे काय वाजतंय?"

"मशीन."

"मशीन बंद आहे."

तिने खिडकीतून बाहेर बघितलं, मग दरवाज्याकडे. "हळू बोल. ते आत आहेत."

"किती दिवस?"

"झाले काही महिने. दुखत नाही फारसं. हात जरा हलतो बाजूला, एवढंच. कपबशी धरली की थरथरते."

"मग काकांना का नाही सांगितलंस?"

ती बराच वेळ बाहीच्या शिवणीवरून नखाने रेघ ओढत राहिली. "सांगितलं तर डॉक्टरकडे नेतील. डॉक्टर म्हणतील, उघडून बघू. आणि उघडल्यावर नाही बसला परत नीट, तर? मी पुन्हा तोंड उघडून बसायचं? ते भरवतील गं, आनंदाने भरवतील. पण आता त्यांचेही हात थरथरतात. एक थरथरणारा हात आणि एक उघडं तोंड, बघायलाही बरं दिसणार नाही."

आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला. "टक् टक् मलाही ऐकू येतं."

मावशी दचकली.

काका दारात येऊन उभे राहिले. "काट्याची दांडी धारेवर खरखरते ते मी आयुष्यभर कानाने ओळखत आलोय. घरातला आवाज नाही ओळखणार? तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

"मग विचारायचं ना."

"विचारलं असतं तर तू मशीन म्हणाली असतीस."

नवीन डॉक्टर तरुण होत्या, केस घट्ट बांधलेल्या, बोलायला सरळ. त्यांनी मावशीचा हात धरून हळूच डावी-उजवीकडे हलवून बघितला, नवा एक्स-रे जुन्याशेजारी लावला आणि खुर्ची आमच्याकडे वळवली.

"मावशी, आतली प्लास्टिकची बुशं झिजली आहेत. ते कधी ना कधी व्हायचंच होतं. फक्त बुशं बदलायची असतील तर ऑपरेशन त्या मानाने लहान. पण झिजलेल्या प्लास्टिकचा बारीक भुगा हाडात उतरतो आणि दांड्याभोवतीचं हाड पोखरतो. हे बघा, खालच्या दांड्याच्या तोंडाशी एक काळी रेघ दिसते. दांडा घट्ट आहे की सुटलाय हे मला उघडल्यावरच नक्की कळेल."

"सुटला असेल तर?" मावशीने विचारलं.

"तर तो काढून दुसरा बसवावा लागेल. तुमचं हाड आता पातळ आहे. करता येईल, पण हात आजच्याइतका वाकेल अशी हमी मी देणार नाही."

मावशीने मान हलवली. हमी नाही हे ऐकून तिला उलट बरं वाटल्यासारखं दिसलं. कुणीतरी गोड न बोलता सांगितलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "झीज एका बाजूला जास्त आहे. कुठेतरी जोर पडलाय. जड काही उचलता का?"

काका खुर्चीत ताठ झाले. "डॉक्टर, आमच्या घरात?" आणि त्यांनी किटलीपासून सुरुवात केली. किटलीतली रेघ, पिठाचे लहान डबे, टिपके, प्रवासातली इस्त्री. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही घड्याळ बघितलं नाही.

"असं घर मी पहिल्यांदा ऐकलं," त्या म्हणाल्या. "पण काका, उचलणं वेगळं आणि दाबणं वेगळं. खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठू नका असं आम्ही सांगतो ते त्यासाठीच. असं काही रोज दाबण्याचं काम आहे का?"

"नाही," मावशी पटकन म्हणाली. इतकी पटकन की मी तिच्याकडे बघितलं. काकांनीही बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दुकानातून पार्सल तोलायचा सपाट काटा हातगाडीवर घालून घरी घेऊन आले. तो खिडकीशी मांडला, त्याच्यावर इस्त्रीचा बुटका पाट ठेवला, पाटासकट काटा शून्यावर आणला. मग गिऱ्हाइकाची एक जाड पँट पाटावर पसरली आणि काटा पुन्हा शून्यावर आणला.

"कर इस्त्री. रोज करतेस तशी."

"अहो, कशाला उगाच."

"कर म्हणतो ना."

तिने इस्त्री तापवली. कापडावर ठेवली. काटा एक किलोच्या आत थांबला आणि काकांच्या खांद्यातला ताण सैल झालेला मला दिसला. मग मावशीने पँटच्या खालच्या शिवणीवर इस्त्री आणली, पुढे झुकली, आणि काटा चढायला लागला. तीन, चार, पाच. जिथे कापडाचे चार थर एकत्र येतात तिथे तो सातावर गेला आणि थरथरत उभा राहिला. इस्त्री उचलली, काटा खाली आला. पुन्हा ठेवली, पुन्हा सात.

काकांनी स्विच बंद केला.

हलक्या इस्त्रीने सुरकुती जात नाही. ती जायची तर कुणीतरी वजन द्यायला हवं, आणि ते वजन मावशी देत आली होती, कोपर कोनात धरून, एकेका शिवणीवर, इतकी वर्षं.

"मी इस्त्री टांगून तोलली," काका म्हणाले. ते काट्याकडेच बघत होते. "तू ती कशी वापरणार हे तोललंच नाही. दुकानदार पारड्यावर बोट टेकवतात ते मी लांबून ओळखतो. आणि माझ्या घरात..."

"तुम्हाला काय माहीत असणार. तुम्ही कधी इस्त्री केलीय?"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं, हिने काही होणार नाही."

"मग बोलली का नाहीस?"

मावशीने इस्त्री उभी करून ठेवली. "कशी बोलणार? परगावाहून आणलेली. किती दुकानं फिरला होतात. मला टिपका लावायला दिलात. त्या दिवशी मी म्हणायला हवं होतं का, की अहो, ही निकामी आहे, परत करा? मला वाटलं, थोडं दाबलं तर काय होतंय. उचलायचं नाही एवढाच नियम, दाबायचा कुठे आहे." पँटची घडी घालत ती म्हणाली, "तुमचा काही दोष नाही. आणि माझाही फार नाही. डॉक्टर म्हणाल्याच ना, झिजणारच होतं."

"लवकर झिजलं."

"कुणाला ठाऊक. तुमच्याकडे त्याचा काटा आहे का?"

त्यावर काका हसले. म्हणजे हसायचा प्रयत्न केला. मग मान खाली घालून चष्मा पुसत बसले, आणि मावशी हाताची घडी घालून, पुढे झुकून खुर्चीतून उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी चहा करायला आत गेले. चहा करायला मला बराच वेळ लागला.

ऑपरेशनच्या आधीच्या दुपारी मी हॉस्पिटलच्या खोलीत होते. दोघांचं बोलणं चाललं होतं आणि मी तिथे आहे हे ते विसरले असावेत.

"हात नाही वाकला तर," मावशी म्हणाली, "आधी ठरवून ठेवू. मी सांगेन तेव्हा मोठा घास."

"बरं."

"आणि तुम्ही आधी जेवायचं. मग मला."

"ते नाही जमणार."

"मग सोबत. एक तुमचा, एक माझा."

काकांनी विचार केला. "जमेल," ते म्हणाले. "पण दांडा घट्ट निघेल."

"तुम्ही बघून आलात का?"

"रेघ बारीक होती. मी सोनाराच्या काट्याच्या खुणा वाचतो."

"डॉक्टर मोठ्या की तुम्ही मोठे?"

"डॉक्टर मोठ्या. म्हणून तर त्यांनी हमी दिली नाही. मी काटेवाला, मला द्यायला काय जातंय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा काका उभे राहिले आणि मी त्यांच्या कोपराला धरलं. "दोन्ही दांडे घट्ट आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "सगळ्या बाजूंनी हलवून बघितले. रेघ वरवरची होती. भुगा साफ केला, बुशं बदलली. आता ही रेघ वाढते का यावर दरवर्षी लक्ष ठेवू. जन्माचं सांगणार नाही मी, पण हात तोंडापर्यंत जाईल." त्यांनी एका लहान डबीत जुनी बुशं आणली होती, बघायची असतील तर म्हणून. काकांनी डबी उघडली. पिवळट प्लास्टिक, एका बाजूला जाड, एका बाजूला वहाणेच्या टाचेसारखं झिजलेलं. त्यांनी ते चिमटीत घेतलं, हवेत थोडं वर-खाली केलं, आणि मी वाट बघत राहिले की ते वजन सांगतील. त्यांनी ते परत डबीत ठेवलं आणि डॉक्टरांना डबी देऊन टाकली.

मावशी घरी आली तशी कामाची बोलणी सुरू झाली. पडदे येऊन पडलेत, कुणाच्या कोटाचं अस्तर राहिलंय. सुई धरायला डॉक्टरांची हरकत नव्हती. इस्त्रीला मात्र त्या साफ नाही म्हणाल्या. हलकी नको, भारी नको, कुठलीच नको. मावशीने ते ऐकून घेतलं आणि दोन दिवस सुईला हात लावला नाही. इस्त्री नाही तर कपडा द्यायचा नाही, आणि कपडा द्यायचा नाही तर दुकान कशाचं. मी बाहेरून करून आणायचं सुचवलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

तिसऱ्या दिवशी काका जुनी वजनदार इस्त्री माळ्यावरून काढून, तिचा तळ घासून, वायर बदलून खिडकीशी येऊन उभे राहिले.

"सांग," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"कुठून सुरुवात करायची ते."

आता दुपारनंतर काका आपलं दुकान बंद करून मावशीच्या खिडकीशी येतात. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा हॉटेलातला वेटर आपले दोन पांढरे शर्ट न्यायला आला होता. मावशीने त्यांच्या बाह्या आखूड केल्या होत्या. काका एकाची कॉलर दाबत होते, जीभ दातांत धरून.

"नवीन माणूस ठेवला का ताई?" वेटरने विचारलं.

"हो. शिकाऊ आहे."

"कामाला कसा आहे?"

"हळू आहे. पण सांगितलेलं ऐकतो."

"पगार देत नाहीत," काका मान वर न करता म्हणाले.

"काम बघून देऊ." मावशीने झालेला शर्ट हातात घेऊन उजेडाला धरला. "ही बाही बघा. दोन घड्या पडल्यात. एक तुमची, एक माझी, नखाने आखलेली. तुमची काढा."

काकांनी शर्ट परत पाटावर घेतला, ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली आणि वाफेने त्यांच्या चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या. एका हातात इस्त्री, दुसऱ्या हाताने ताणून धरलेली बाही. सोडली तर घडी पुन्हा पडणार. ते तसेच उभे राहिले, आंधळ्यासारखे, समोर बघत.

मावशी उठली. तिने उजवा हात वर केला, त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला, आपल्या पदराच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या, आणि काड्या एकेका कानामागे बसवून चष्मा परत जागेवर ठेवला. हात जाताना आवाज झाला नाही, येताना झाला नाही. काकांचं लक्ष तिकडेच असावं, कारण इस्त्री एका जागी जरा जास्त वेळ थांबली.

"जळेल," मावशी म्हणाली.

वेटर म्हणाला, "मला घाई नाही."